पहिला झटका: थांबलेलं यंत्र हलवण्याचा इतिहास, आणि मूलच्या राइस मिलमधले साडेपाच न्यूटन-मीटर

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना आकड्यांची गडबड होते असे मेसेज येतात, म्हणून या वेळी गणित जरा सविस्तर लिहिलंय.)

आजचा एपिसोड थोडा घरचा आहे.

माझ्या बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. मी पाचवीत होतो तेव्हा, २००७ च्या हिवाळ्यात, मूलच्या एका राइस मिलमध्ये ती गेली. बाबा तिथे ऑपरेटर होते. मिलचं नाव सांगत नाही, गरजही नाही. त्या वेळी सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं: "घाई केली." मालक म्हणाले, शेजारी म्हणाले, आणि पुढची कित्येक वर्षं बाबा स्वतःही तेच म्हणत राहिले.

मी बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गिअर, टॉर्क वगैरे पहिल्या वर्षाला शिकलो आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा एका वहीवर त्या संध्याकाळचं गणित मांडून बघितलं. आकडा काय आला ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण प्रश्न खूप जुना आहे: चालू यंत्र चालत ठेवायला कमी जोर लागतो, मग थांबलेलं हलवायलाच इतका का लागतो?

जातं, घाणी आणि धुरकरी

हे शोधायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. आपल्या आज्यांना माहीत होतं. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एकदा पाळू फिरायला लागली की एकटीही दळू शकायची, पण भरलेलं जातं सुरू करताना दोघींचे हात खुंट्याला लागायचे. तेलाच्या घाणीचा बैल पहिल्या पावलाला मान खाली घालून रेटा द्यायचा, नंतर तोच बैल डोळे मिटून चालल्यासारखा गोल फिरायचा. आणि धानाची भरलेली बंडी बांधीतून निघत नसेल तर धुरकरी खाली उतरून चाकाच्या आऱ्याला हात घालायचा. बंडी हलली की तो परत धुरेवर.

हे तिसरं चित्र लक्षात ठेवा. बैल बंडी ओढू शकत होते, सुरू करू शकत नव्हते. जे कमी पडलं ते माणसाने अंगाने भरून काढलं. आजच्या एपिसोडमध्ये हे पुन्हा पुन्हा येणार आहे.

चार्जवाला कूलॉम, घर्षणवाला कूलॉम

युरोपात लिओनार्दो दा विंचीने घर्षणाचे प्रयोग करून वह्यांत लिहून ठेवले होते, पण ते छापले गेले नाहीत. १६९९ मध्ये फ्रान्सच्या गियोम आमोंतोंने नियम मांडला की घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं, टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळाच्या नाही.

मग आला शार्ल कूलॉम. हो, बारावीच्या फिजिक्समधला चार्जवाला कूलॉम तोच. पण आधी तो लष्करी इंजिनिअर होता. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यात आठेक वर्षं घालवली, तब्येत बिघडवून घेतली, आणि नंतर रोशफोरच्या जहाजांच्या गोदीत घर्षणावर प्रयोग केले. त्यासाठी त्याला १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं.

त्याने लाकडावर लाकूड ठेवून ओढून बघितलं. कधी ठेवल्याबरोबर ओढलं, कधी काही सेकंदांनी, कधी बऱ्याच वेळाने. वस्तू जितका वेळ पडून राहते तितकं तिला हलवणं जड होतं, आधी झपाट्याने आणि मग सावकाश, असं त्याला दिसलं. म्हणजे घर्षण दोन प्रकारचं: थांबलेल्या वस्तूचं मोठं आणि सरकत्या वस्तूचं लहान. रात्रभर बंद असलेली चक्की सकाळी कुरकुरत का सुरू होते, याचं हे पहिलं मोजलेलं उत्तर.

वाफ: थांबूनही जोर लावणारी

वाफेच्या इंजिनाची एक खासियत आहे. ते उभं असतानाही पूर्ण जोर लावू शकतं, कारण पिस्टनवर वाफेचा दाब थांबलेला असतानाही असतो. म्हणूनच रेल्वेला वाफ इतकी जमली. आपल्या मूलवरून जाणारी लाइनही त्याच काळातली. बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी लाइन १९१३ मध्ये चांदा फोर्टपर्यंत आली. १९९० च्या दशकात ती मोठी झाली, पण आमच्या आजोबांच्या पिढीच्या गोष्टींत अजूनही छोटीच गाडी येते.

तरीही जुन्या मालगाड्यांचे ड्रायव्हर एक युक्ती करायचे. निघण्याआधी इंजिन थोडं मागे घ्यायचे. त्यामुळे डब्यांमधल्या साखळ्या सैल पडायच्या. मग पुढे निघालं की एकेक डबा खडखडत सुटा सुटा हलायचा. सगळी गाडी एकाच वेळी हलवायला लागणारा जोर इंजिनात नसायचा, म्हणून तो हप्त्याने द्यायचा.

कापड गिरणीत वेगळी अडचण. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्या काळातल्या अशा गिरण्यांमध्ये एक मोठं इंजिन, त्याचं अवजड चाक, आणि त्यावरून सगळ्या खात्यांना जोर पुरवणारे शाफ्ट असायचे. अशा इंजिनात पिस्टन अगदी टोकाला येऊन थांबला की वाफ कितीही सोडा, चाक फिरत नाही. मग चाकाच्या कडेच्या खाचांत लोखंडी पहार घालून माणसं ते थोडं फिरवायची. पहारेला इंग्रजीत 'बार', म्हणून या कामाचं नाव 'बारिंग'. पुढे त्यासाठी वेगळं छोटं गिअरचं इंजिन आलं, पण नाव तेच राहिलं. हा शब्द आपल्याला चंद्रपुरात परत भेटेल.

तेलाचा पडदा

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला वरून एक भोक होतं. त्यात लाकडी बूच ठोकलं, तर आस फिरायला लागल्यावर ते आपोआप बाहेर यायचं. याचा अर्थ फिरणारा आस तेलाला ओढून घेतो, तेलात प्रचंड दाब तयार होतो आणि आस त्या पातळ पडद्यावर अक्षरशः तरंगतो. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. फिरणारं यंत्र तेलावर चालतं. थांबलं की वजनाने तेल पिळून निघतं आणि धातूवर धातू बसतो. पुन्हा सुरू करताना तो पडदा नसतो. गिअरच्या दातांचंही तसंच: थंड, घट्ट तेलात सुरुवातीला त्यांची कार्यक्षमता कमी असते.

बॉल आणि रोलर बेअरिंगने हा फरक खूप कमी केला. १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सगळ्या आसांना रोलर बेअरिंग असलेलं एक वाफेचं इंजिन अमेरिकाभर फिरवलं आणि काही जणांनी हाताने ओढून ते अवाढव्य धूड हलवून दाखवलं. जाहिरातच होती ती, पण मुद्दा बरोबर पोचला.

हँडल मारायचं इंजिन, आणि मोटार

डिझेल इंजिन वाफेच्या उलट. थांबलेलं असताना त्याचा जोर शून्य. त्याला आधी दुसऱ्या कुणीतरी फिरवावं लागतं. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या विहिरींवर, चक्क्यांवर, मिलमध्ये ही इंजिनं दिसायला लागली. त्यांना हँडल मारणारा गडी ठरलेला असायचा. आधी डिकॉम्प्रेशनचा खटका वर करून दाब सोडायचा, जोर लावून वेग घ्यायचा, मग खटका खाली. हँडल उलटलं तर मनगट गेलं. आणि यंत्राचा पट्टा तोवर 'लूज' पुलीवर, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या चाकावर ठेवलेला. इंजिनाने वेग घेतला की पट्टा दांड्याने शेजारच्या पक्क्या पुलीवर सरकवायचा. आधी रिकामं सुरू करा, मग ओझं द्या. साधी आणि हुशार सोय.

मग वीज आली. १८८९ मध्ये बर्लिनच्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने थ्री-फेजची पिंजऱ्याच्या रोटरची मोटार बनवली. आज गावातल्या चक्कीपासून कारखान्यापर्यंत बहुतेक मोटारी तिच्याच वंशातल्या. स्वस्त, दणकट, देखभाल जवळजवळ नाही. पण तिच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक: सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, पण टॉर्क मात्र साधारण दीड ते दोन पटच देते.

दोन: तिचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो. व्होल्टेज २० टक्के पडलं तर टॉर्क २० नाही, ३६ टक्के पडतो.

मोठ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात, तो करंट एक-तृतीयांश करतो. छान. पण टॉर्कही एक-तृतीयांश होतो, हे विकणारा सांगतोच असं नाही.

मूल, २००७

मूल म्हणजे धान आणि मिल. आजूबाजूला मालगुजारी तलाव, हंगामात रस्त्यावर कोंड्याचा वास. आमच्या भागातलं एचएमटी धान तुम्ही खाल्लंच असेल. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून तयार केलेलं, आणि नाव पडलं मनगटी घड्याळावरून.

मिलमध्ये धान खालून वर नेतो तो बकेट एलिव्हेटर: उभा पट्टा, त्याला लावलेल्या बकेटी, वर मोठी पुली, तिला गिअरबॉक्स, त्याला मोटार. खाली 'बूट', म्हणजे धान जिथे पडतं तो डबा.

आता बाबांचा नियम ऐका: "पयले रिकामी कर, मंग बंद कर." आधी धान सोडणं थांबवायचं, बकेटी रिकाम्या होऊ द्यायच्या, मगच मोटार बंद. म्हणजे पुढच्या वेळी ती रिकामीच सुरू होते. लूज पुलीचीच अक्कल.

पण तो लोडशेडिंगचा काळ होता. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी गावात काढली त्यांना सांगायला नको. लाइट विचारून जात नाही. ती गेली तेव्हा बकेटी भरलेल्या होत्या. गिअरबॉक्सला उलटं फिरू न देणारा खटका होता, त्यामुळे धान तसंच लटकून राहिलं. वरून काही धान घसरून बुटात दाबून बसलं. दोन-तीन तासांनी लाइट आली, तीही हंगामातली, सगळे पंप आणि मिल एकदम सुरू झालेली. व्होल्टमीटरवर ४१५ च्या जागी ३३० च्या आसपास काटा असायचा, बाबांना आजही आठवतं.

बाबांनी बटण दाबलं. मोटार गुणगुणली, हलली नाही.

वहीवरचं गणित

माप बाबांनी सांगितलं, घर्षणाचे आकडे माझे अंदाज आहेत. सूत्र असं:

सुरू करायला लागणारा टॉर्क = (वजनाचा + थांबलेल्या घर्षणाचा + अडकलेल्या मालाचा + वेग पकडण्याचा) ÷ (गिअर रेशो × कार्यक्षमता)

भरलेल्या बकेटींमध्ये साधारण ६० किलो धान. वरच्या पुलीची त्रिज्या २० सेंटीमीटर. म्हणजे वजनाचा टॉर्क ६० × ९.८ × ०.२ = ११८ न्यूटन-मीटर. मोटारपासून पुलीपर्यंत एकूण रेशो २०.

*चालू असताना:* वजनाचे ११८, घर्षणाचे २०, एकूण १३८. कार्यक्षमता ०.८ धरली तर मोटारीकडून हवेत १३८ ÷ १६ = ८.६. मोटार होती २ एचपीची, तिचा ठरलेला टॉर्क साधारण १०. म्हणजे ज्याने मोटार निवडली तो चुकला नव्हता. चालू यंत्राला ती पुरत होती.

*सुरू करताना:* वजनाचे ११८ तेच. थांबलेलं घर्षण दुप्पट धरू, ४०. बुटात दाबून बसलेलं धान फोडायला ६०. पट्टा, बकेटी, धान मिळून १२० किलोला दोन सेकंदांत दीड मीटर प्रति सेकंद वेग द्यायला १८. एकूण २३६. थंड गिअरची कार्यक्षमता ०.७. म्हणजे २३६ ÷ १४ = १६.९ न्यूटन-मीटर. चालू असतानाच्या जवळपास दुप्पट.

*मोटार काय देत होती:* पूर्ण व्होल्टेजला १० च्या १.८ पट, म्हणजे १८. काठावर का होईना, सुरू झाली असती. पण ३३० व्होल्टला? ३३० भागिले ४१५, त्याचा वर्ग, ०.६३. म्हणजे ११.४.

हवेत १६.९, मिळतात ११.४. कमी पडले साडेपाच.

मोटारीवरची पुली १२ सेंटीमीटर व्यासाची. तिच्या कडेला साडेपाच न्यूटन-मीटर म्हणजे साधारण नऊ किलोचा जोर. नऊ किलो. पट्ट्याला हात घालून कुणीही लावेल इतका.

बाबांनी तेच केलं. मोटार गुणगुणत असताना पट्टा ओढून हात दिला. याआधी शेकडो वेळा दिला होता. त्या भागातल्या प्रत्येक मिलवाल्याला ही युक्ती माहीत आहे.

आणि इथेच कूलॉम आणि टॉवर परत येतात. यंत्र एकदा सुटलं की थांबलेलं घर्षण निम्मं होतं, दाबलेलं धान फुटतं, गिअर सैल होतात. गरज १६.९ वरून एकदम ९.८ च्या आसपास येते (१५६ ÷ १६). मोटारीकडे ११.४ आहेत. आत्तापर्यंत कमी पडणारी मोटार एका क्षणात जास्त झाली आणि पट्टा हातासकट पुलीत गेला. हात काढायला जो वेळ लागतो तेवढा ती देतच नाही.

म्हणजे ती घाई नव्हती. घाई करायला वेळच नव्हता.

३ एचपीची मोटार असती तर? ३३० व्होल्टला तिचे १६.६. तीही काठावरच. ५ एचपी हवी होती. किंवा बुटाची झडप उघडून धान काढायचं होतं, ज्याला दोन माणसं आणि अर्धा-पाऊण तास लागतो, आणि हंगामात तेवढा वेळ 'फुकट' घालवायला कुणी तयार नव्हतं.

चंद्रपूरचं बारिंग गिअर

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती. ज्या संध्याकाळी आमच्याकडे लोडशेडिंग होतं, त्याच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर, चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र चालू होतं. १९८० च्या दशकात सुरू झालेलं, आज क्षमता २,९२० मेगावॅट.

अशा केंद्रातलं टर्बाइन थांबतं तेव्हा त्याला पूर्ण थांबू देत नाहीत. गरम शाफ्ट एकाच जागी राहिला तर वाकतो. म्हणून एक छोटी मोटार गिअरमधून त्याला तासन्‌तास सावकाश फिरवत ठेवते. तिचं नाव बारिंग गिअर, तीच गिरणीतली पहार. आणि एवढा जड शाफ्ट मुळातून हलवताना बेअरिंगखाली पंपाने जोरात तेल सोडून तो आधी केसभर उचलतात, म्हणजे धातूवर धातू राहतच नाही. टॉवरचा पडदा, पण विकत आणलेला.

पहिल्या झटक्याचं उत्तर माणसाला केव्हाच सापडलंय. जिथे यंत्र महाग असतं तिथे त्यासाठी वेगळा पंप असतो. जिथे माणूस स्वस्त असतो तिथे हात असतो.

वही बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नऊच किलो?" मी म्हटलं, "हो बाबा." ते म्हणाले, "मले तं लय जड लागलं होतं." आणि थोड्या वेळाने, "तुह्या आईले दाखव हे. ते अजून म्हणते का मी घाई केली."

आईला दाखवलं. तिने आकडे वाचले नाहीत. तिने विचारलं, "मंग ५ एचपीची कितीले येते?"

मंडळी, तुमच्या घरी, शेतात, चक्कीत मोटार गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर हात लावू नका. आधी स्टार्टर बंद, मग मेन स्विच बंद, मग अडकलेला माल काढा, मगच पुन्हा बटण. अर्धा तास जाईल. जाऊ द्या.

आणि मिलमध्ये, चक्कीत, पंपावर काम करणारं तुमच्या घरात कुणी असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. त्यांच्या मोटारीचा एचपी, गिअरचा रेशो आणि हंगामातलं व्होल्टेज मला व्हॉइस नोटवर सांगा, आपण मिळून गणित मांडू. भेटू पुढच्या भागात.